पाणी पाजण्यापूर्वी

ज्ञाताधर्मकथा या आगमाच्या पहिल्या अध्ययनात मेघकुमाराची कथा येते. राजा श्रेणिकाचा हा पुत्र दीक्षा घेतो; परंतु पहिल्याच रात्री ये-जा करणाऱ्या साधूंच्या पायांचा स्पर्श होऊन त्याची झोप मोडते आणि त्याचे मन डळमळते. तेव्हा भगवान महावीर त्याला त्याचे पूर्वभव सांगतात. त्यांपैकी एका भवात तो सुमेरुप्रभ नावाचा हत्ती होता. ग्रीष्मात वनाला वणवा लागला, कळप पांगला आणि तहानेने व्याकूळ झालेला तो जराजर्जर हत्ती एका सरोवरात उतरला. सरोवरात पाणी थोडे आणि चिखल फार. त्याने पाण्याकडे सोंड लांबवली, पण ती पाण्यापर्यंत पोहोचली नाही. पाय काढू गेला तो अधिकच रुतला. त्या असहाय अवस्थेत एका वैरी हत्तीने त्याच्यावर दंतप्रहार केले आणि त्या वेदनेतच त्याचा अंत झाला. पुढच्या भवात मेरुप्रभ होऊन त्याने सशाला वाचवण्यासाठी उचललेला पाय तसाच अधांतरी धरला, हा प्रसंग पाठशाळेतील प्रत्येक मुलाला ठाऊक असतो. चिखलात रुतलेल्या, पाणी डोळ्यांसमोर असूनही तहानलेल्या राहिलेल्या हत्तीची कथा मात्र फारशी सांगितली जात नाही.

उन्हाळा लागला की व्यापारी पेठांतून जीवदयेची कामे सुरू होतात. दुकानापुढे पाणपोई लागते, गच्चीवर परळ ठेवले जातात, गावाबाहेरच्या रस्त्यावर गुरांसाठी हौद बांधला जातो आणि वडिलांच्या पुण्यस्मरणार्थ त्यावर संगमरवरी पाटी बसते. हेतूविषयी शंका घेण्याचे काहीच कारण नसते. तरीही एखाद्या हौदाची भिंत एवढी उंच असते की शेळीचे तोंड पाण्याला लागत नाही. एखाद्याच्या गुळगुळीत भिंतीवरून खार आत घसरते आणि तिला वर येता येत नाही. कुठे अरुंद तोंडाचा माठ ठेवलेला असतो. त्यात गायीचे मुस्कट शिरत नाही. पाणी आहे, पाटी आहे, परंतु पिणारा तहानलेलाच परत जातो. सुमेरुप्रभाची कथा भर पेठेत घडते ती अशी. दशवैकालिक सूत्रात आधी ज्ञान आणि नंतर दया असा क्रम सांगितला आहे. कोणता जीव पाणी कसा पितो हे जाणून घेणे हा त्या ज्ञानाचाच एक लहानसा भाग होय.

प्रारंभ हत्तीपासूनच करावा. द्वितीय तीर्थंकर अजितनाथांचे हे लांछन. हत्ती सोंडेने पाणी पितो असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. सोंड म्हणजे हत्तीचे वरच्या ओठासह लांबलेले नाक. नाकाने पाणी प्यायल्यास जे माणसाचे होईल तेच हत्तीचेही होईल. म्हणून तो सोंडेत पाणी ओढून घेतो, सोंड वळवून तिचे टोक तोंडात नेतो आणि तिथे ते पाणी सोडतो. २०२१ साली अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेच्या संशोधकांनी अटलांटा येथील प्राणिसंग्रहालयातील एका हत्तिणीचे निरीक्षण केले. पाणी ओढताना ती सोंडेतील नाकपुड्या रुंदावते आणि त्यामुळे सोंडेत अधिक पाणी मावते, असे त्यांना आढळले. ओढण्याचा वेग सेकंदाला सुमारे ३ लिटर भरला. मोठा हत्ती दिवसाला १०० लिटरांहून अधिक पाणी पितो. हत्तीच्या पिलाला मात्र ही विद्या जन्मतः येत नाही. ते सोंड बाजूला सारून आईचे दूध तोंडानेच पिते आणि पाणी पिण्यासाठी सोंड वापरणे त्याला सवयीने, हळूहळू साधते.

ऋषभदेवांचे लांछन वृषभ, संभवनाथांचे अश्व, वासुपूज्यांचे महिष आणि शांतिनाथांचे मृग. या चौघांची पिण्याची पद्धत एकच आहे. ओठ जवळजवळ मिटून त्यांच्यामधली लहान फट पाण्यात बुडवायची, जीभ मागे ओढून तोंडात पोकळी निर्माण करायची. मग बाहेरच्या हवेचा दाबच पाणी आत ढकलतो. माणूस नळीने सरबत ओढतो तेव्हा हेच घडते. यासाठी गाल दोन्ही बाजूंनी बंद असावे लागतात आणि चरणाऱ्या प्राण्यांचे गाल तसे असतात. घोडा पाणी पिताना त्याचे कान प्रत्येक घोटासरशी हलताना दिसतात. जुने टांगेवाले कानांवरूनच घोडा पोटभर प्यायला की नाही हे ओळखत. गाय ओठांचा थोडासाच भाग पाण्यात बुडवते आणि नाकपुड्या वर ठेवते. म्हणून तिला खोल भांड्यापेक्षा पसरट, उघडे पाणी लागते. गायीच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते, हे ध्यानात घेतले म्हणजे दुभत्या गायीला उन्हाळ्यात एवढे पाणी का लागते याचा उलगडा होतो. म्हशीचे दुखणे निराळे आहे. तिच्या अंगात घामाच्या ग्रंथी थोड्या आणि कातडी काळी. तिला पिण्याइतकीच डुंबण्यासाठीही पाण्याची गरज असते. पूर्वी गावच्या विहिरीजवळ गुरांसाठी दगडी डोण किंवा हाळ असे. ती लांबट, उथळ आणि जमिनीपासून बेताच्या उंचीची असे. घडवणाऱ्या पाथरवटाने कोणता ग्रंथ वाचला नव्हता. त्याने गुरांना पिताना पाहिले होते.

भगवान महावीरांचे लांछन सिंह. सिंह आणि त्याच्या कुळातील मांजर यांना असे ओढून पिणे जमत नाही. भक्ष्य पकडण्यासाठी त्यांना जबडा मोठा उघडावा लागतो. त्यामुळे तोंडाची फट गालांत मागपर्यंत जाते आणि तोंड बाजूंनी बंद करून पोकळी निर्माण करता येत नाही. मग उरते ती जीभ. मांजर जिभेची पळी करून पाणी उचलते, असा पुष्कळ काळ समज होता. रोमन स्टॉकर या अभियंत्याने आपल्या घरच्या मांजराला पिताना पाहिले, त्याला कुतूहल वाटले आणि सहकाऱ्यांसह त्याने अतिवेगवान कॅमेऱ्याने ती क्रिया टिपली. चित्रात वेगळेच दिसले. मांजर जिभेचे टोक किंचित मागे वळवून त्याने पाण्याच्या पृष्ठभागाला केवळ स्पर्श करते आणि जीभ झटकन वर घेते. जिभेला चिकटून पाण्याचा एक बारीक स्तंभ वर येतो आणि गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढण्यापूर्वी मांजर तोंड मिटते. हे सेकंदाला सुमारे चार वेळा घडते आणि दर वेळी हाती लागते ते मिलिलिटराच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास पाणी. मिशा आणि हनुवटी कोरडीच राहते. सिंह, वाघही असेच पितात. जीभ मोठी असल्याने त्यांचा वेग कमी असतो, एवढाच फरक.

कुत्र्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. तो जीभ मागे वळवून पाण्यात चांगली बुडवतो आणि अधिक वेगाने वर खेचतो. त्याच्याही तोंडात जाणारे पाणी मुख्यतः जिभेबरोबर उठणाऱ्या स्तंभाचेच असते. जिभेच्या वळणात साठलेले बरेचसे पाणी सांडून जाते. म्हणून कुत्रा पाणी प्यायला की भोवतीची जमीन भिजते. त्याला अजागळ म्हणून हाकलणे अन्यायाचे आहे. त्याच्या तोंडाची घडणच तशी आहे. या दोघांना पाणी काठोकाठ लागते. तळाशी उरलेले दोन बोटे पाणी माणसाला पुरेसे वाटते, पण खोल भांड्यात मान घालून जीभ तिथवर नेणे कुत्र्याला कठीण जाते आणि मांजर तर तशा भांड्याकडे पाठच फिरवते.

पक्ष्यांत दोन पंथ आहेत. चिमणी, कोंबडी, कावळा, साळुंकी हे चोचीत घोटभर पाणी घेतात आणि मान वर करून ते घशात उतरू देतात. अशा प्रत्येक घोटासाठी मान खाली-वर करावी लागते. पारवा मात्र चोच पाण्यात बुडवून, मान न उचलता, गुरासारखा सलग ओढतो. राजा मेघरथाने ससाण्यापासून रक्षिलेल्या आणि शांतिनाथांच्या पूर्वभवाशी जोडल्या गेलेल्या या पक्ष्याची ही विशेष देणगी आहे. तिचा लाभही आहे. पाण्याकाठी शिकारी टपलेला असतो. जो लवकर पिऊन उडतो तो वाचतो. पारव्याला चोच बुडेल एवढी खोली पुरते. चिमणीला मात्र काठावर बसून वाकता येईल असे खडबडीत, उथळ भांडे हवे.

भट तितर हा पक्षी महाराष्ट्राच्या कोरड्या माळरानांवरही दिसतो. त्याच्या कुळातील नर पिलांसाठी पाणी कसे आणतो, याचे वर्णन १८९६ सालीच एका इंग्रज पक्षिपालकाने केले होते. पण अनेक अभ्यासकांचा त्यावर विश्वास बसला नाही. १९६७ साली टॉम केड आणि गॉर्डन मॅक्लिन यांनी आफ्रिकेतील कलहारी वाळवंटात केलेल्या निरीक्षणातून त्याची सत्यता सिद्ध केली. नर पाणवठ्यावर उतरतो, पोटाची पिसे पाण्यात भिजवतो आणि अनेक किलोमीटर उडत घरट्याकडे येतो. पिले त्याच्या पोटाखाली येऊन ती ओली पिसे चोचीने पिळून पाणी पितात. त्या पिसांची रचना अशी असते की ती टीपकागदाहून अधिक पाणी धरून ठेवतात. वाटेत काही पाणी उडून जाते. पोहोचते ते थोडेसेच, पण पिले त्यावरच वाढतात.

तहानलेल्या कावळ्याची गोष्ट बालवाडीपासून परिचित आहे. ती निव्वळ कल्पना नव्हे. २००९ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्तोफर बर्ड आणि नेथन एमरी यांनी कावळ्याच्या कुळातील पक्ष्यांसमोर पाण्याची नळी ठेवली. पाण्यावर एक अळी तरंगत होती, परंतु चोच पोहोचत नव्हती. पक्ष्यांनी नळीत खडे टाकले, पाणी वर आणले आणि अळी मिळवली. लहान खड्यांपेक्षा मोठे खडे अधिक उपयोगी पडतात, हेही त्यांनी ओळखले.

पार्श्वनाथांच्या लांछनाविषयी, म्हणजे सर्पाविषयी, अधिक स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. सापाची जीभ दुभंगलेली आणि बारीक असते. ती गंध टिपण्यासाठी असते, पिण्यासाठी नव्हे. साप जबड्याचा पुढचा भाग पाण्याला लावतो. खालच्या जबड्यातील कातडीच्या घड्या स्पंजासारखे पाणी शोषतात आणि जबड्याच्या हालचालींनी ते मागे ढकलले जाते, असे काही जातींच्या अभ्यासात आढळले आहे. दूध हे सस्तन प्राण्यांच्या पिलांचे अन्न आहे. साप सस्तन नाही आणि दूध पचवण्याची योजना त्याच्या शरीरात नाही. नागपंचमीच्या आधी साप पकडून त्याला दिवसेंदिवस उपाशी आणि तहानलेला ठेवतात. मग समोर येईल तो द्रव तो घेतो आणि पाहणाऱ्यांना तो भक्तिभावाने दूध पीत असल्याचा भास होतो. त्या दुधाने त्याची प्रकृती बिघडते आणि पुष्कळ साप त्यानंतर मरतात.

येथे चंडकौशिकाचे स्मरण होते. भगवंतांच्या बोधाने शांत झालेल्या या दृष्टिविष सर्पाने कोणालाही इजा होऊ नये म्हणून तोंड बिळात घालून अनशन स्वीकारले. लोकांचे भय गेले, भक्ती आली. त्यांनी त्याच्या अंगावर तूप वाहिले. त्या वासाने मुंग्या आल्या आणि त्यांनी त्याचे शरीर पोखरले. त्याने ते समभावाने सोसले आणि सद्गतीला गेला, म्हणून ही कथा त्याच्या क्षमेची म्हणून सांगितली जाते. ती तूप वाहणाऱ्यांचीही आहे. त्यांच्या मनात द्वेषाचा लवलेश नव्हता. परंतु तूप वाहताना पुढे काय होईल याचा विचारही नव्हता.

लहान जीवांकडे वळावे. मधमाशी स्वतःसाठीच नव्हे तर पोळ्यासाठी पाणी नेते. उन्हाळ्यात पोळ्यात पाण्याचे थेंब पसरून आणि पंखांनी वारा घालून माश्या आतील उष्णता कमी करतात. परंतु मधमाशीला पोहता येत नाही. गुळगुळीत काठाच्या भांड्यात उतरली की ती बुडते. कावळ्याच्या गोष्टीतले खडे येथे कामाला येतात. परळात चार-सहा खडबडीत दगड पाण्यावर डोके काढून राहतील असे ठेवले की मधमाशीला बसायला जागा होते आणि पडलेल्या किड्याला बाहेर येण्यास वाट मिळते. फुलपाखरे ओल्या मातीवर घोळक्याने बसतात ती केवळ पाण्यासाठी नव्हे. मातीतील क्षार त्यांना हवे असतात. म्हणून हौदाभोवती सांडून ओली झालेली मातीही वाया गेलेली नसते. बेडूक तर तोंडाने पाणी पीतच नाही. पोटाच्या आणि मांड्यांच्या पातळ कातडीतून तो पाणी शोषतो. त्याच्या जवळच्या पाण्यात साबण किंवा जंतुनाशक गेले तर ते थेट त्याच्या अंगात जाते. अष्टमंगलातील मीनयुगुलाविषयीही एक नवल सांगण्यासारखे आहे. समुद्रातील बहुतेक मासे पाणी पितात, कारण खारे पाणी त्यांच्या शरीरातले पाणी खेचून घेते. नदी-तलावातील मासे जवळजवळ पीतच नाहीत. त्यांच्या शरीरात पाणी आपोआप शिरते आणि त्यांना ते सतत बाहेर टाकावे लागते.

पाण्याचा जमाखर्च प्रत्येक जीवाला सांभाळावा लागतो. जमेच्या बाजूला प्यालेले पाणी, अन्नातील पाणी आणि अन्नाचे शरीरात ज्वलन होताना तयार होणारे पाणी. नावे बाजूला श्वास, घाम आणि मलमूत्र. महाराष्ट्रातील अनेक जैन कुटुंबांचे मूळ ज्या मारवाडात आहे, तेथील उंट हा या हिशेबातला सर्वांत सावध व्यवहारी म्हणावा लागेल. त्याच्या मदारीत पाणी नसते, चरबी असते. क्नुट श्मिट-नील्सन यांनी १९५० च्या दशकात सहारा वाळवंटात उंटांचा अभ्यास केला, तेव्हा त्याचे खरे रहस्य पुढे आले. उंट मिळकत वाढवत नाही, खर्च आवरतो. तहानलेला असताना तो दिवसा अंगाचे तापमान वाढू देतो, त्यामुळे घामात पाणी उधळावे लागत नाही. साठलेली उष्णता तो रात्रीच्या थंडीत सोडून देतो. शरीराच्या वजनाच्या सुमारे एक चतुर्थांश इतके पाणी गमावूनही तो तग धरतो. माणसाचा जीव त्याच्या निम्म्या तुटीतच धोक्यात येतो. आणि पाणी मिळताच तो दहा-पंधरा मिनिटांत १०० लिटरांपर्यंत पिऊ शकतो. अशा वेळी इतर प्राण्यांच्या रक्तपेशी फुटतील. उंटाच्या लंबगोल पेशी फुगून मोठ्या होतात, पण फुटत नाहीत. त्याच वाळवंटातील चिंकारा हरिण पाने, फळे आणि दव यांवर दीर्घकाळ निभावून नेते. उंट आणि चिंकारा यांची ही क्षमता पाहून इतरांना पाणी लागत नाही असा निष्कर्ष मात्र काढू नये. गाय, कुत्रा, चिमणी यांच्याकडे एवढी शिल्लक नसते. त्यांना रोजचे पाणी रोज मिळावे लागते.

या साऱ्यातून व्यवहारात काय उतरवता येईल? एकाच मोठ्या, उंच हौदाऐवजी निरनिराळ्या उंचीची दोन-तीन पात्रे अधिक उपयोगी ठरतात. गुरांसाठी लांबट उघडी डोण, शेळी-मेंढी आणि कुत्र्यांसाठी तिच्याजवळच जमिनीलगतचे पसरट पात्र, पक्ष्यांसाठी सावलीतला मातीचा परळ. पक्ष्यांचे पात्र मांजराच्या झेपेपासून दूर, उंचावर असावे. मोठा हौद आधीच बांधलेला असेल तर आतून एका बाजूला दगडांचा उतार किंवा खडबडीत फळी ठेवावी, म्हणजे पडलेल्या खारीला आणि सरड्याला चढून येता येईल. धातूचे भांडे उन्हात तापते, ते टाळावे. पात्र धुताना साबण न वापरता नारळाच्या काथ्याने घासणे पुरेसे असते.

साठवणीचा प्रश्न जैन घरांना विशेष विचार करायला लावणारा आहे. पाणी स्वतः अप्काय जीव आहे, म्हणून ते गाळून आणि जपून वापरण्याची, गाळण्यातील जिवाणी पुन्हा मूळ पाण्यात सोडण्याची परंपरा आहे. तोच विवेक हौदालाही लागू होतो. उन्हाळ्यात साठलेल्या पाण्यात डास अंडी घालतात आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत त्यांतून डास बाहेर पडतात. मग कोणी तरी औषध टाकते आणि दयेसाठी भरलेल्या पाण्यात हजारो जीव मरतात. एकदाच टाकी भरून पंधरा दिवस विसरून जाण्यापेक्षा रोज लागेल तेवढेच पाणी भरावे, उरलेले झाडाच्या मुळाशी घालावे आणि पात्र पुसून नव्याने भरावे. यालाच यतना म्हणतात. त्यासाठी पैसे फारसे लागत नाहीत, रोजची दहा मिनिटे लागतात. आणि कित्येकदा देणगीहून तीच अवघड जातात.

चौविहार पाळणाऱ्या घरांत सूर्यास्तापूर्वीच्या शेवटच्या घोटाचे मोल सर्वांना ठाऊक असते. उपवासाच्या तिसऱ्या प्रहरी कोरडा पडलेला घसा ज्याने अनुभवला आहे त्याला तहान समजावून सांगावी लागत नाही. फरक इतकाच की माणसाने ती तहान स्वेच्छेने स्वीकारलेली असते आणि पारण्याची वेळ त्याला माहीत असते. दुपारी हौदापाशी येऊन माघारी फिरणाऱ्या शेळीला यांपैकी काहीही माहीत नसते.

पेढीवर कोणतीही वही ताळा जुळल्याशिवाय मिटत नाही. पाण्याच्या हौदाचाही ताळा घेण्याची सोपी रीत आहे. घरातील एका थोरल्याने आणि एका लहानग्याने उन्हाळ्यातली एक दुपार त्याच्यापासून काही अंतरावर सावलीत बसून काढावी. कोण आले, कोणी कसे तोंड लावले, कोण पिऊन गेले आणि कोण न पिता परतले, हे कागदावर टिपून घ्यावे. परतलेल्यांची यादी पाहून दुसऱ्या दिवशी एखादा दगड, एखादे पसरट पात्र, एखादी विटांची पायरी वाढवावी. पाटी त्यानंतर बसवली तरी चालेल.